गिरणीतर्फे जात्यावरच्या ओव्या

सोमवार, १७ ऑगस्ट १९५९, फुलसावंगी

श्रावणी सोमवार. पहाटे ओलेत्याने महादेवाच्या नैवेद्याचे गहू जात्यावर काढले. गल्लीत कोणी उठायच्या आत माझं दळण संपलंसुद्धा. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही, ही त्याचीच कृपा.

गिरणीत मात्र आज तीनच दळणं. दोन हरभऱ्याच्या डाळीची आणि एक पाटलांकडची गुरांची भरड. अक्षयतृतीयेला घरापुढच्या पडवीत इंजिन बसवलं, माहूरच्या देवीचं नाव दिलं, श्री रेणुका पीठ गिरणी. तेव्हापासून गावातली एक बाई भाकरीची ज्वारी घेऊन आली असेल तर शपथ.

हे यवतमाळला सरकी काढायच्या एका जिनात फिटर होते. कापसाची तूस छातीत बसून रात्र रात्र खोकत. डॉक्टरांनी सांगितलं, जिन सोडा, नाहीतर छाती सोडा. म्हणून गावी आलो. हे म्हणतात, पिठाची धूळ कापसापेक्षा सभ्य आहे, आत शिरण्याआधी नाकाशी विचारते तरी. खोकला निम्म्यावर आला आहे. मी कान देऊन ऐकते म्हणून सांगते.

पण हिशोब माझ्याकडे असतो आणि हिशोबाला माया नसते. इंजिन जेवढं तेल पितं तेवढीही दळणं नाहीत. दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाहीतर इंजिन विकून यांनी परत जिनात जायचं, असं ठरलं आहे. तिथल्या मुकादमाने, देवीलालने, यांची जागा राखून ठेवली आहे. भला माणूस आहे. मला त्याचा राग येतो.

बायकांचं एकच पालुपद, "गिरणीत पीठ भाजते, भाकर फुगत नाही." मी प्रत्येकीला सांगते, पीठ उत्तम निघतं, डोळे मिटून या. त्यांना का पटत नाही, कळत नाही.

गुरुवार, ३ सप्टेंबर (पोळा)

पुरणपोळीचे गहू नेमाप्रमाणे पहाटे घरीच काढले. बैलांना पोळी, देवाला पोळी.

सकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जमनी डोक्यावर टोपलं घेऊन आली, मागे आणखी दोघी. तांडा गावापासून कोसभर. खाण्याचं धान्य घेऊन आलेल्या या पहिल्या बाया. मी विचारलं, "पीठ भाजेल अशी भीती नाही वाटत तुला?"

"भाजलं त भाजलं, याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती माझ्याहून मोठीच असेल. "पोळी बी त तव्यावर भाजाचीच हाय ना मंग!"

हे इतके हसले की पट्टा चढवायचा विसरले.

तांड्यावरच्या येतात आणि आमच्या गल्लीतल्या येत नाहीत. लांबच्यांना विश्वास आणि भिंतीला भिंत असलेल्यांना नाही. जगाची रीतच उलटी.

मंगळवार, १५ सप्टेंबर

बबनराव आले होते. मारुतीच्या पारावर दर नवरात्रात देवी बसते, त्या मंडळाचे हे चिटणीस. हातात पावतीपुस्तक, तोंडात पान.

"वहिनी, औंदा तुमी गिरणीवाले झाले. आता सव्वा रुपयावर देवी मानत नाही जी."

"देवी मानते. तुम्ही मानत नाही."

"बरं, असं करा, लाऊडस्पीकर तुमच्याकडून. दर गाण्यामागं पुकारतो, रेणुका गिरणी, रेणुका गिरणी. पुसदपर्यंत नाव जाईन पाहा."

"पुसदचे लोक दळायला इथे येणार आहेत का?"

हे आतून म्हणाले, "बबनराव, हिच्या हातून कोणी पावती फाडून नेली आहे का आजवर?"

चहा दिला, विचार करून सांगते म्हटलं. मग भाकरी थापताना सुचलं. आपल्याला हव्यात दळणाऱ्या बाया. त्या काही लाऊडस्पीकर ऐकून येणार नाहीत. पण ओव्या म्हणायला बोलावलं तर झाडून साऱ्या येतील. तेव्हा गिरणीतर्फे जात्यावरच्या ओव्यांची स्पर्धा ठेवायची, ललितापंचमीला दुपारी, देवीपुढे. पहिलं बक्षीस तीन महिने दळण फुकट, वर नारळ आणि खण. रोख काही द्यायचं नाही. इंजिन नाहीतरी रिकामं असतं, चाललं तर त्याच्याच प्रकृतीला बरं. महाप्रसादाचे गहूही आपणच दळून द्यायचे. आणि मंडपाला एक पडदा, त्यावर गिरणीचं नाव.

यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे खाटकाने बकऱ्यांच्या गाण्याची स्पर्धा ठेवायची."

मला काही कळलं नाही. स्पर्धा ओव्यांची आहे.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

बबनरावांना होकार कळवला, पण मनाला टोचणी लागली आहे. देवीपुढे आपलं नाव लावलं तर ते दान राहिलं कुठे? माझे वडील देवळातल्या दिव्याला तेल न्यायचे तर बाटली उपरण्याखाली झाकून. गुप्तदानाचं पुण्य ते गुप्तदानाचं. इथे हातभर अक्षरं.

शेवटी देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. 'लावू नये' निघाली. चिठ्ठीची घडी नीट पडली नव्हती, म्हणून पुन्हा टाकल्या. 'लावावे.' एकेक झाल्यामुळे तिसऱ्यांदा टाकणं भागच होतं. 'लावावे.'

आणि नाव तरी कोणाचं आहे? रेणुकेचंच. देवीचं नाव देवीपुढे.

सोमवार, २८ सप्टेंबर

पडदा तयार. नवीन मांजरपाट आणू दिला नाही, दोन जुन्या चादरी जोडल्या. यांनी लाल रंगाने अक्षरं काढली. 'श्री रेणुका पीठ' एवढं ऐसपैस झालं की 'गिरणी' कोपऱ्यात अंग चोरून बसली आहे.

संध्याकाळी शेजारच्या मैनाबाईंची सून विरजण मागायला आली. मैनाबाई म्हणजे आमच्या गल्लीचा आवाज. त्यांच्या ओव्या ऐकायला माणसं रस्त्यात थांबतात. सून कोकिळा मात्र अबोल. सहावा महिना आहे, तोंड उतरलेलं.

"काकू, बक्षीस आमच्या आत्याबाईलेच भेटन ना?"

"त्या बसल्या तर दुसऱ्या कोणाला मिळणार?"

"तीन महिने म्हणजे..." तिने बोटं मोजली. "पूस महिन्यापर्यंत. सारं दळण? ज्वारी बी?"

"सगळं."

विरजणाची वाटी तिथेच विसरून गेली. सासूच्या मानाची एवढी ओढ असलेली सून आजकाल बघायला मिळत नाही.

बुधवार, ७ ऑक्टोबर (ललितापंचमी)

झालं ते सरळ लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मंडप बायांनी भरला होता. पडदा छान दिसत होता. बबनरावांनी गिरणीचं नाव चार वेळा पुकारलं. पहिल्या मैनाबाई. मांडी घालून बसल्या, पदर सारखा केला, पहिली ओळ म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा थांबल्या. उजवा हात आपला हवेत गोल गोल फिरतो आहे.

मी म्हटलं, "अहो, रोज तर म्हणता."

"रोज हातात जातं राह्यते वं!" त्या चिडल्या. "खुंटा नाही त ओवी येईन कुठून? रिकाम्या हातानं मले माह्या बापाचं नाव आठवत नाही."

दुसरीचं तेच. तिसरी तर तोंडावर पदर घेऊन हसतच सुटली, तिच्यामागे अख्खा मंडप. बबनराव म्हणाले, "मावशी, माह्यं डोस्कं फिरवून पाहा, गोलच हाय." त्यांना चांगल्याच शिव्या बसल्या.

मग कोणीतरी म्हणालं, जाती आणा. गड्यांनी गल्लीतली पाच-सहा जाती उचलून आणली. पण रिकामं जातं फिरवू नये, अशुभ असतं. दळायचं काय? महाप्रसादाचे गहू मंडपातच होते, आमच्या गिरणीत यायचे होते ते. पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळी भरभरून जात्यांत गेले.

आणि मग जे काही झालं! मैनाबाईंनी खुंट्याला हात लावला, समोर कोकिळेला बसवलं, जातं घरघरलं आणि ओवी अशी आली की पाराखालच्या बाप्यांनी चिलमी खाली ठेवल्या.

दळता दळता वं माय, दिवस आला दारात
जवारीचं पीठ पांढरं, चांदणं सांडलं घरात

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मागे वळून पाहिलं तर हे भिंतीला टेकून उभे. महाप्रसादाचं दळण येईल म्हणून सकाळपासून इंजिन पुसून तयार ठेवलं होतं. पोतं इथेच संपत आलं होतं. बबनरावांनी संधी सोडली नाही. "वामनराव, आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, हे ऐकलं होतं. इथं त गिरणी पडदा लावते अन् जातं दळते!"

हे हसले. सगळ्यांबरोबर हसले.

पहिलं बक्षीस मैनाबाईंना. त्यांनी नारळ घेतला, खण घेतला आणि म्हणाल्या, "दळण ठेव तुह्याजवळ."

मी म्हटलं, "अहो, पीठ खरंच चांगलं असतं. देवीपुढे खोटं कशाला बोलू?"

"मंग तुह्या घरचं जातं रोज पहाटे कायले घरघरते, रुखमा? आमी का बह्यऱ्या हाव? गिरणीवालीच आपल्या देवाले गिरणीचं पीठ दाखवत नाही, अन् आमी आमच्या लेकरायले खाऊ घालाव?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. कोकिळा खांबाशी बसून डोळे पुसत होती. सासू जिंकली त्याचा आनंद असावा.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

सकाळी मैनाबाईंचा राग आला. नैवेद्याचं वेगळं आणि खाण्याचं वेगळं, एवढं कळू नये? माझ्या आईने शिकवलं आहे, देवाचं पीठ आपल्या हाताने काढावं, हात दुखतील तेवढं पुण्य.

दुपारी यांना विचारलं, "लोक माझं जातं ऐकतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

पट्ट्याला राळ लावत होते. "होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा नेम आहे. त्यात मी कुठे बोलू? इंजिन माझं, देव तुझा."

बराच वेळ राळच लावत राहिले. मग म्हणाले, "जिनात जायला मला काही वाटत नाही." खोकला आलेला नव्हता, तरी खोकल्यासारखं करून बाहेर गेले.

सबंध दिवस हेच डोक्यात. जातं दगडाचं, गिरणीची तळीही दगडाचीच. ते मी ओढते, हिला इंजिन ओढतं. मग कमी काय आहे? माझे कष्ट तेवढे नाहीत. देवीला पोळी हवी असते की माझे दुखरे हात?

चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. काय निघेल याची भीती वाटली.

शनिवार, १० ऑक्टोबर (अष्टमी)

काल यांनी दगड उचलून धुतले, छिन्नीने टाकी लावली, पडवी सारवून घेतली. मला काही विचारलं नाही.

आज विहिरीवर आंघोळ केली आणि ओलेत्याने, डोक्यावर गव्हाचं तबक घेऊन, गल्लीतून गिरणीत गेले. मागच्या दाराने जवळ पडलं असतं, पण मागे कोंबड्या होत्या. दारादारात बाया.

पहिली ओंजळ गाईला काढून ठेवली. मग यांनी इंजिन लावलं. पीठ हातात घेतलं तर कोमट, नुकत्या न्हाऊ घातलेल्या लेकराच्या अंगासारखं. भाजलेलं नाही. एवढ्या महिन्यांत मी ते कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

पुरणाच्या पोळ्या केल्या. पहिली तव्यावर टाकली. टम्म फुगली. देवीला नैवेद्य दाखवला, डोळे मिटले आणि काही होण्याची वाट पाहिली. काही झालं नाही. समई शांत जळत होती.

प्रसाद घ्यायला मैनाबाई आल्या. पोळीचे दोन तुकडे केले, वास घेतला, उजेडाकडे धरून पाहिलं, सावकाश खाल्ली.

"मऊ हाय," म्हणाल्या. मग दुसरी उचलली. "सुनेसाठी."

एवढंच.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर (कोजागिरी)

दसऱ्यापासून दळणं वाढली आहेत. काल तर ओळ पडवीतून रस्त्यावर गेली. तेलाचा खर्च निघून वर उरतं आहे, देवीची कृपा. आणि पडद्याचाही गुण म्हणायचा. नाव डोळ्यांपुढे राहिलं की माणूस येतोच. पडदा धुऊन ठेवला आहे, पुढच्या वर्षी 'गिरणी' मोठं काढायचं.

गंमत अशी की दळण झालं तरी बाया उठत नाहीत. ओट्यावर बसून एकमेकींच्या सुपातले खडे निवडतात, माहेरचं बोलतात. घरी दळताना तोंड भिंतीकडे असतं. इथे समोरासमोर.

माझ्या जात्यावर मी हळद तेवढी काढते. बाकी नैवेद्याचंही आता गिरणीतच.

मैनाबाई अजून आलेल्या नाहीत. पहाटे गल्लीत फक्त त्यांचंच जातं ऐकू येतं. मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. वय झालं, दम लागत असेल. पण जातं थांबलं तरी ओवी थांबत नाही. कसं साधतं त्यांना, कोण जाणे.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीच्या भाजणीचे दिवस. सकाळपासून इंजिनाला उसंत नाही. ओट्यावर बसायला जागा नाही.

अकराच्या सुमारास मैनाबाई आल्या. ज्वारीचं टोपलं स्वतःच्या डोक्यावर. त्यांना ओझं घेऊन चालताना मी या गावात आल्यापासून पाहिलं नव्हतं. टोपलं आदळून म्हणाल्या, "माह्यं बक्षीस काढ."

"पण तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"नको कवा म्हनलं? ठेव तुह्याजवळ म्हनलं. ठेवलं ना? मंग दे."

"बरं. पंचमीपासून तीन महिने म्हणजे..."

"पंचमीपासून कायले? आजपासून."

"अहो, मधले दिवस गेले ना."

"ते माह्याकडून देवीले दान." बायांत हशा पिकला. मी हिशोबाची बाई, तरी आजपासून धरले.

मग मला पडवीच्या कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाल्या, "पोरगी आज जात्यापाशी बसल्या बसल्या भोवंडली. कपाय आपटलं खुंट्यावर. मी गाऊनच राह्यलो होतो वं, मले पत्ताच नाही." पदराने नाक पुसलं. "इतके साल मले वाटे जातं मीच ओढतो. मी त नुसता हात ठेवतो, ओढते ते पोरगी. कोणाले सांगशीन नको."

"कशी आहे आता?"

"निजवली. उठून बसली की म्हणते, आत्याबाई, भाकरी थापतो. म्हनलं, हालली त पाहाजो."

मला एकदम ती बोटं मोजणारी कोकिळा आठवली. पूसपर्यंत. मी पंचमीला तिचे डोळे पाहिले होते आणि भलतंच लिहून ठेवलं होतं. आज मैनाबाईंचं दळण सगळ्यांच्या आधी लावून घेतलं. ओळीतल्या कोणी कुरकुर केली नाही.

तेवढ्यात पुसदच्या एस.टी.ने देवीलाल उतरला. धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री. सरळ इंजिनाकडे निघाला तर ओट्यावरून चार आवाज आले, "नंबर लाव बाप्पा! आमी का इथं अंडे उबवाले बसलो?"

"अजी, मले दळाचं नाही," तो इंजिनाच्या वर ओरडला. "वामनरावाले न्यायले आलो. दिवाळी झाली की जिन सुरू होते."

मैनाबाई वळल्या. "कोणाले न्यायले?"

"वामनरावाले. त्याची जागा धरून ठेवली ना मी."

"अन् हे इंजिन कोण चालवीन? तुहा बाप?"

देवीलाल माझ्याकडे बघू लागला. दिवाळीपर्यंत वाट बघायची आणि मग काय म्हणायचं, हे मी किती दिवस मनात घोळवत होते. ते सगळं बाजूला ठेवलं. सगळ्या बाया बघत होत्या, पंचमीला बघत होत्या तशाच. मी म्हटलं, "देवीलालभाऊ, आलात तसे जेवून जा. पण हे यायचे नाहीत. तुमची जागा दुसऱ्याला देऊन टाका."

"त्याले त विचारू द्या."

"तो आमचं दळण करून राह्यला," मैनाबाई म्हणाल्या. "त्याले आता टाइम नाही."

देवीलाल ओट्याच्या टोकाला बसला. कोणीतरी त्याच्या मांडीवर सूप ठेवलं, म्हटलं बसलाच आहेस तर खडे निवड. बिचाऱ्याने निवडले. जेवला, यांच्या पाठीवर थाप मारली, दुपारच्या गाडीने गेला. यांना इंजिनाच्या आवाजात धड काही ऐकू आलंच नव्हतं.

दिवेलागणीला शेवटचं दळण काढून आत आले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. विचारलं, "देवीलाल काय म्हणत होता?"

"तुमची जागा दुसऱ्याला देतो म्हणाला."

"मला न विचारता?"

"मैनाबाईंना विचारून."

हे जे हसायला लागले ते थांबेचनात. एवढं हसल्यावर खोकल्याची उबळ येणारच म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. हसणं संपलं, डोळे पुसून झाले, तरी आली नाही. मग ते पाणी मीच प्यायले.